सहाव्या बोटाचा ठसा

माझ्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत. नागझिऱ्याच्या वाघानं एकदा त्याचा ठसा पाहिला आणि तीन दिवस झाडावरून खाली उतरला नाही, असं मी अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर सांगतो, तेव्हा लोक चहा पाजतात. ही पुढची गोष्ट सांगितली की उठून जातात. खरी आहे म्हणून असेल.

आमच्या गावाच्या तलावाचा एक रिवाज आहे. पाळ फुटू लागली, तर भगदाडात मातीचं पहिलं घमेलं टाकायचं ते ज्यानं आयुष्यात दुसऱ्याचं पाणी चोरलं नाही, त्यानं. नाहीतर माती धरत नाही. पाणी चोरणं म्हणजे अंधारात शेजाऱ्याच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, मातीचा धुरा फोडून त्याचं पाणी आपल्या धानात घेणं. माझ्या हयातीत पाळ कधी फुटली नव्हती, म्हणून रिवाज सोपा वाटायचा.

यंदाच्या ऑगस्टात आठ दिवस असा पाऊस झाला की बेडूक झाडावर चढले. नवव्या दिवशी भरदुपारी पाळीला भगदाड पडलं. पाळीखालचं पहिलं घर माझं. घरात कुंदाबाई, माझी बायको, खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेली. पाळ आणि घर यांच्यामध्ये नाला डोक्यावरून वाहत होता. मी दोनदा उतरलो, दोनदा लोकांनी केसाला धरून बाहेर काढलं. पलीकडून तिचा आवाज येत होता. मला शिव्या देत होती. म्हणजे जिवंत होती.

पाळीवर अख्खं गाव. घमेली भरलेली. आणि कोणी हलेना.

"योगराजजी, टाका ना गा! अध्यक्ष तुम्ही तलावाचे," शामकला ओरडली.

योगराज दोन पावलं पुढं आला. मग त्याला धोतराची गाठ सैल वाटली आणि तो ती बांधतच राहिला.

"चुन्नीलाल?"

चुन्नीलालला खोकला आला. "तूच टाक, मोठी आली सतवंती!"

"नवरा मेल्यावर माया बांधीत धान कसा पिकला, तुले काय वाटते?" असं म्हणून शामकला चिखलात बसली आणि रडायला लागली.

माती ढासळत होती. मी एकेकाच्या पाया पडलो. ज्याच्या पाया पडलो, तो मागं सरला. शेवटी सगळ्यांच्या नजरा शालीकरामवर गेल्या.

शालीकरामची बांधी तलावातून निघणाऱ्या नहराच्या शेवटच्या टोकाला. वर ज्यानं ज्यानं चोरलं, ते शेवटी त्याच्याच वाट्याचं पाणी. दर रविवारी तो बसनं अर्जुनीला ख्रिस्ताच्या प्रार्थनेला जायचा. "सगळेच पापी गा, एकही सुटला नाही," असं म्हणायचा, आणि आम्ही म्हणायचो, "तुयं तू पाह्य."

"शालीकराम, तूच एक आहेस," योगराजनं हात जोडले.

"मी पण चोरलं," शालीकराम म्हणाला. "पोरगी रीता मायच्या पोटात होती त्या साली. तुयाच बांधीतून, योगराज."

कोणीतरी बाई किंचाळली. शेवटचा साफ माणूसही हातचा गेला होता. पलीकडं कुंदाबाईच्या शिव्या बारीक होत चालल्या होत्या.

"मंग आता कोण?" मी ओरडलो. "कोण टाकन, सांग!"

"पाळीवर कोणी नाही. ज्या एकाचे हात साफ होते, त्याईत आपल्यासारख्याईनंच खिळे ठोकले." त्यानं बांबूची ताटी उचलली आणि भगदाडात उतरला. ताटी पाण्याला आडवी लावून मागून पाठ दिली. पाणी त्याच्या खांद्यावरून उसळत होतं. "त्या ख्रिस्ताच्या नावानं मळक्या हातानं टाका. उमराव, पयलं तू टाक."

मी मागं सरलो. "मी नाही. शालीकराम, मी तुयं..."

"माहीत आहे मले. अकरा सालं माया धुऱ्यावरचे तुये सहा बोटं पुसून राहिलो मी. लोकाईनं पाहू नये म्हणून. टाक बे आता! कुंदाबाई मरन!"

मी टाकलं. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, नेम धरून टाकलं नाही, नुसतं टाकलं. माझ्यामागून सगळ्यांनी टाकलं, चोरांनी, चोरांच्या बायकांनी. माती धरली. कशी धरली, ते मला विचारू नका. एवढा मोठा खोटारडा मी, पण मलाही कारण रचता आलं नाही.

ताटी मोडली तेव्हा शालीकराम छातीपर्यंत मातीत होता. आम्ही हातांनी उकरून काढलं. बरगड्या आत गेलेल्या. तीन आठवडे झाले, तो गोंदियाच्या दवाखान्यात नळीनं श्वास घेऊन राहिलाय. डॉक्टर मान हलवतात, हो म्हणून की नाही म्हणून, कळत नाही. कुंदाबाई घरी आहे. रोज विचारते, "उठला का तो?"

त्याची बांधी मी पाहतो. काल सकाळी गेलो, तर धुरा फोडलेला. पाणी गेलेलं. चिखलात ताजं पाऊल, पाच बोटांचं. कोणाचं, ते मी ओळखलं.

धुरा बांधला. मग ते पाऊल पायानं पुसलं. पुसताना चिखलात माझीच सहा बोटं उमटली. ती तशीच राहू दिली.