काडीनं ओढलेला ताप

चंचलचं डोकं सकाळीच फिरलं. गावची आशा ताई ती, घरोघर फिरून लोकांना मलेरियाच्या गोळ्या खाऊ घालणारी. अन् तिचाच सासरा, लालसू, आज गोळ्यांना हात लावायला तयार नाही. म्हाताऱ्याचं रक्त तिनं स्वतः तपासलं होतं. मलेरिया साधासुधा नव्हता. अर्धवट सोडला तर उलटतो, डोक्यात चढतो अन् धडधाकट माणूस दोन दिवसांत आटोपतो. गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. पहिल्या दोन दिवसांच्या त्यानं मुकाट गिळल्या, पण काल ताप उतरला अन् तिथंच सगळा घोळ झाला.

"ताप त काडीनं ओढून घेतला," लालसू म्हणाला. काडी म्हणजे तिचं थर्मामीटर. "परवा बगलेत लावली त एकशेतीन होता. काल लावली त काईच नाई. मंग ह्या कडू गोळ्या कायले?"

"मामाजी, काडी ताप मोजते. ओढत नाई."

"मोजल्यावर गेला ना पण?"

आता या माणसापुढं डोकं आपटावं की काय! तिनं लोट्यात कोमट पाणी घेतलं, त्यात काडी बुडवली अन् त्याचा हात धरून पाण्यात घातला. "झालं का थंड? ओढलं का काडीनं?"

"पाण्याले कुठी ताप येते?" लालसू शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात शेजारची बुधरी नातवाला काखोटीला मारून आली. पोरगं चांगलं खिदळत होतं. "याले बी लावून दे वं काडी. पुढचा ताप आताच निघून जाईन." म्हणजे म्हाताऱ्यानं गावभर प्रचारही करून ठेवला होता. चंचलनं दात-ओठ खात पोराला काडी लावली, कारण वाद घालायला तिच्यात जीवच उरला नव्हता. बुधरी समाधानानं निघून गेली.

लालसूनं खुंटीवरचं जाळं काढलं. बोडीवर मासे धरायला निघाला होता. चंचल दारात आडवी उभी राहिली.

"काऊन जीव खाऊन राह्यले माहा? गोळ्या खा, मंग जा कुठी जायचं त. मले भेव लागून राह्यलं, मामाजी. तुमाले काई झालं त मी काय करू?"

लालसूनं जाळं खाली ठेवलं अन् उंबऱ्यावर बसला.

"तुह्या सासूले असाच ताप होता," तो म्हणाला. "तू या घरात आली नोती तवा. दोन दिवस मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसलो. हातानं काई ओढल्या गेला नाई. घरात काडी असती त वाचली असती ते."

काडी नाही, गोळ्या असत्या तर वाचली असती. उत्तर चंचलच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. त्याच्याजवळ बसून तिनं काडी त्याच्या बगलेत सरकवली अन् गोळ्या तळहातावर ठेवल्या.

"दोन्ही संगच घ्या," ती म्हणाली. "गोळी आतून ढकलते, काडी बाहेरून ओढते."

लालसूनं गोळ्या तोंडात टाकल्या, वर लोटाभर पाणी प्यायला. काडी वाजून गेली तरी त्यानं बगल घट्ट दाबूनच ठेवली.