रविवारची कात्री

मुख्य बाईंनी काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला बोटानेच जवळ बोलावलं. पिवळसर जेलीवर जंतूंच्या वाढीचे ठिपके असायला हवे होते, तिथे एक केस पडला होता. काळा, जाड, स्वतःभोवतीच वळलेला.

"ओळखलास?"

तिने मान हलवली. ओळखायचं काय होतं त्यात? पाणी तपासायच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांचे मिळून जेवढे केस होते, तेवढे तिच्या एकटीच्या डोक्यावर होते. सकाळी दोन्ही हातांनी दाबून बसवलेली टोपी दुपारपर्यंत कानांच्या वर सरकलेली असायची.

"टोपी कसली, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण आहे ते," बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "जरा नजर हलली की वर."

मुख्य बाई हसल्या नाहीत. "ही या महिन्यातली तिसरी. सगळा नमुना परत लावायचा आता. माझ्याही डोक्यावर कोणीतरी बसलंय, बाई. सोमवारी हे केस या टोपीत मावले पाहिजेत. नाहीतर तुला बाहेर पावत्या फाडायला बसवावं लागेल, आणि तिथे बसलेलं माणूस परत आत आलेलं मी अजून पाहिलं नाही."

"रविवारी कापणारच आहेत."

"कोण, तुझे हे? मागच्या महिन्यात त्यांनीच कापले होते ना?"

"हो."

"मग गेले कुठे कापलेले?" मावशी बोलून गेल्या, आणि तिच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच त्यांनी नळ मोठा सोडला.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती पार्लरमधून रडत घरी आली होती. सगळे प्रकार करून झाले होते. ओले करून कापले की वाळल्यावर बोटभर वर चढायचे. विरळ करून घेतले की आठवडाभरात डोकं आधीपेक्षा मोठं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीत त्याला घड्याळजी याच नावाने ओळखत. त्याने तिला दिव्याखाली बसवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडून आत बघावं तसा तिच्या केसांत बराच वेळ बघत राहिला.

"आतून तोडलेत हे," तो म्हणाला. "विरळ करायला म्हणून आतले आखूड केले. आता ते आखूड ताठ उभे राहतात नि वरच्यांना उचलून धरतात. कमी करायला गेले आणि फुगवून ठेवले."

मग त्याने स्वतःच कापले. पाणी न लावता, एकेक बट उचलून, ती जिथे वळत होती तिथेच. अख्खी दुपार गेली. तिची मान अवघडली, त्याची पाठ. पण दुसऱ्या दिवशी कंगवा पहिल्यांदाच अडखळला नाही, आणि तेव्हापासून तिच्या केसांना दुसऱ्या कुणाची कात्री लागली नव्हती. दीड-दोन महिन्यांनी एक रविवार. स्टूल, चादर, कात्री. मुलंबाळं नव्हती. त्या रविवारी दोघं एरवीपेक्षा जास्त बोलत.

गेल्या वर्षी त्याने दुकान बंद केलं. "आता घड्याळं दुरुस्त करून घेतंय कोण," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. पण शेवटी शेवटी डबा पोचवायला गेलं की तो गुडघ्यांवर बसून फरशीवरचे स्क्रू शोधत असायचा, हेही तिने पाहिलं होतं. मग उजवा हात खिशात राहायला लागला. ती चहा अर्धाच कप ओतायला लागली.

"साखर वाढेल. अर्धाच घ्या."

"तू म्हणशील तसं."

डॉक्टरकडे जायचं ठरायचं आणि काहीतरी निघायचं. हात थरथरतो हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. एकदाच, दुकान बंद झालं त्याच सुमाराला, केस कापताना कात्री तिच्या कानाच्या पाळीला लागली. थेंबभर रक्त आलं. ती "काही नाही हो" म्हणाली. त्याने कापूस दाबून धरला, उरलेले केस कापले आणि नंतर कितीतरी वेळ केर काढत राहिला.

त्यानंतर केस बसेनात. वेळ तेवढाच लागे, कात्री तशीच कचकचे, चादरीवर बटा पडत. शेवटी तो चादर झटकायचा आणि म्हणायचा, "झालं. आता टोपीला विचार, राहतेस का म्हणून." पडलेले केस ती केरात भरून टाकायची. सोमवारी टोपी वर यायची. हात चुकत असणार, भलतीकडेच कापले जात असणार, हे तिने समजून घेतलं आणि पिना वाढवल्या. दुकान गेलं होतं. त्याच्या हातात एवढं एकच काम उरलं होतं, आणि तेही बिघडलंय हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्या संध्याकाळी ती घराकडे वळली नाही. दोन थांबे पुढे उतरून ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा पार्लरमध्ये गेली. मानेवरचे थोडे आत घ्यायचे, एवढेच, की टोपी बसेल आणि त्याला कळणार नाही.

पार्लरमधल्या मुलीने पिना काढल्या. केस मोकळे झाले तशी ती एक पाऊल मागे सरली.

"बापरे! ताई, हे सगळे तुमचेच?"

"माझेच."

"शेवटचे कधी कापले होते?"

"मागच्या महिन्यात."

मुलीने मानेवरची बट बोटांत धरली, आरशात तिच्याकडे पाहिलं आणि हसली. "ताई, खरं सांगा. मी रागवत नाही. टोकं बघा ना कशी फाटलीत. वर्ष झालं असेल."

"कापलेत. केस खाली पडलेले मी पाहिलेत."

"मग दुसऱ्या कुणाचे असतील," मुलगी सहज म्हणाली आणि खणातून दात्यांची कात्री काढली. "बघा, आतून मस्त विरळ करून देते. एकदम हलकं वाटेल."

ती खुर्चीतून उठलीच. "राहू दे. उशीर झाला," असं काहीतरी पुटपुटत तिने पिना गोळा केल्या आणि काढता पाय घेतला. आधीच्या हाताला नावं ठेवल्याशिवाय यांचा धंदा कसा चालणार, असं ती वाटभर स्वतःला सांगत राहिली. घरी आल्यावर त्याने विचारलं, "उशीर?" ती म्हणाली, "नमुने जास्त होते." त्याने पुढे विचारलं नाही. विचारायची सवय दोघांचीही मोडली होती.

शनिवारी दुपारी मावशी जेवायला गेल्यावर तिने स्वतःच्या मानेवरचे केस तोडून काचपट्टीवर ठेवले. शेजारी आणखी एक ठेवला, ज्याचं टोक तिने प्रयोगशाळेतल्या कात्रीने तेव्हाच कापलं होतं. तुलनेला काहीतरी हवंच. ती मायक्रोस्कोपवर वाकली.

आत्ता कापलेलं टोक सपाट होतं, कापलेल्या दोरखंडासारखं. बाकीची झिजलेली, चिरलेली, जुन्या केरसुणीच्या काड्यांसारखी पिंजारलेली होती. तिने कानामागचे घेतले. कपाळावरचे घेतले. टाळूवरचे घेतले. चुकून एखादा राहिला असं म्हणावं तर एक तरी सपाट सापडायला हवा होता. सापडला नाही.

हात चुकत नव्हता. हात केसांना लागतच नव्हता. पाळीला कात्री लागली त्या दिवसानंतर त्याने एकही केस कापला नव्हता. रविवारमागून रविवार तो तिच्या पाठीशी उभा राहून हवेत कात्री चालवत होता, आणि ती मान ताठ धरून बसत होती.

मग खाली पडत होते ते?

मावशी परत आल्या तेव्हा ती तशीच डोळा लावून बसलेली होती.

"काय सापडलं गं एवढं?"

"काही नाही, मावशी. काहीच नाही सापडलं."

परत जाताना ती पुन्हा त्या पार्लरच्या दारात थांबली. मुलगी खुर्ची पुसत होती.

"सोमवारी सकाळी लवकर उघडशील का? कामावर जायच्या आधी."

"उद्याच या ना, रविवारी. दिवसभर आहे मी."

"उद्या घरी कापणार आहेत."

"अहो, मग सोमवारी काय राहणार?"

"सगळे," ती म्हणाली.

रविवारी जेवणं उरकल्यावर त्याने स्टूल मांडलं. पूर्वी ते गॅलरीच्या दाराशी असायचं, बाहेरचा रस्ता बघत बसता यायचं. हल्ली तो भिंतीकडे तोंड करून बसवायचा. "उजेड पाठीमागून हवा," म्हणायचा, आणि तिने ते मानलं होतं. चादरीची गाठ मारायच्या ऐवजी त्याने कपड्यांचा चिमटा लावला. त्यालाही दोनदा प्रयत्न करावा लागला. ती हलली नाही.

"ऑफिसात काय म्हणतात तुझ्या जंगलाबद्दल?"

"म्हणतात, यात एखादा माणूस हरवेल."

"हरवलाय ना," तो म्हणाला. "कधीचा."

ती हसली. समोरच्या भिंतीवर त्याचंच लंबकाचं घड्याळ होतं, लांब काचेच्या दाराचं. इतके रविवार ती त्यात वेळ बघत आली होती. आज तिने काच पाहिली. काचेत गॅलरीचा उजेड होता, उजेडाच्या अलीकडे तो होता, आणि लंबक त्याच्या छातीवरून जात येत होता.

त्याने डाव्या हाताने कंगवा फिरवला, हळू, मुळांपासून टोकांपर्यंत. मग उजवा हात खिशातून बाहेर आला. कात्री थरथरत होती. तो अर्धं पाऊल मागे सरकला, तिच्या डोक्यापासून वीतभर लांब, आणि तिथे, रिकाम्या हवेत, त्याने कापायला सुरुवात केली. कच. कच. कच. कानाच्या बाजूला आला तेव्हा तो आणखी मागे सरकला. चेहरा तोच होता, दिव्याखाली भिंग लावून बसायचा तेव्हाचा. ओठ घट्ट मिटलेले, भुवया जवळ आलेल्या.

थोड्या वेळाने त्याने कात्री काखेत धरली. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, छातीशी धरून एका हाताने उघडली आणि चिमूटभर केस तिच्या खांद्यावर सोडले. ते चादरीवरून घरंगळत फरशीवर आले. काळे, वळलेले. तिचेच. पाळीला रक्त आलं त्या दिवशी केर काढायला त्याला इतका वेळ का लागला होता, ते तिला आत्ता कळलं.

कच. कच. पुन्हा पुडी. या वेळी त्याची बोटं तळाशी काहीतरी चाचपडत राहिली. चिमटीत आलं ते फारच थोडं होतं. त्याने ते दोन भागांत केलं, अर्धं टाकलं, अर्धं परत ठेवलं.

ती खाकरली.

"अहो."

काचेतला माणूस जागच्या जागी थांबला. "लागलं का?"

"नाही. फार नका कापू या वेळी. थोडेच काढा."

लंबक दोनतीनदा त्याच्यावरून गेला.

"थोडेच?" त्याने विचारलं. "मुख्य बाई ओरडतील ना तुझ्या."

"ओरडू देत. थोडेच बरे दिसतात."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला, आणि पुडी खिशात गेली.

सोमवारी सकाळी पार्लरमधली मुलगी जांभया देत होती. तिने पाण्याची बाटली उचलली तशी ती म्हणाली, "पाणी नको. आणि ती दात्यांची कात्री पण नको. साधी घे."

"कोरडेच कापू? कसं जमेल, ताई?"

"मी सांगते तसं कर. एक बट उचल. ओढू नकोस, नुसती उचल. कुठे वळते ते बघ. तिथेच काप."

मुलीने एक बट कापली, मग दुसरी. मानेजवळ तिची घाई व्हायला लागली तेव्हा ती म्हणाली, "सावकाश. नवीन कापल्यासारखे दिसायला नकोत." मुलीने भुवया उडवल्या, पण वेग कमी केला. हळूहळू खुर्चीभोवती काळं रिंगण जमलं. डोकं हलकं झालं, बाजू बसल्या, मानेवरचा फुगवटा गेला. आरशातली बाई तिला बऱ्याच दिवसांनी भेटत होती.

"कमालच आहे," मुलगी म्हणाली. "कुठे शिकलात हे?"

तिने पर्समधली टोपी काढून डोक्यावर घातली. दोन्ही हात सोडले. टोपी राहिली. तिने ती काढून घडी करून ठेवली आणि उठणार, तोच मुलीने कोपऱ्यातला झाडू घेतला.

"थांब. झाडू नकोस."

"का हो?"

"कागद आहे का एखादा? जाडसर बघ. हे सगळे पुडीत बांधून दे."

"केस? यांचं काय करणार, ताई?"

ती खाली बसली आणि स्वतःच बटा गोळा करायला लागली.

"घरी संपलेत," ती म्हणाली.