गंज गेला

आमचे उद्धवराव अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यामुळे त्यांना सगळं येतं. नळ दुरुस्त केला तेव्हा घरभर पाणी झालं, तरी त्यांना नळ दुरुस्त करता येतो. मागे फाटकासाठी म्हणून वेल्डिंगचं साधं आर्क मशीन आणलं. फाटक अजून दोरीनेच बांधतो आम्ही.

या मे महिन्यात माझ्या गंजाच्या बुडाला चीर गेली. गंज म्हणजे कुरड्यांचा चीक शिजवायचं माझं मोठं स्टीलचं पातेलं. गहू वाटून झाले होते, चीक निवळत होता, सकाळी गल्लीतल्या बाया कुरड्या घालायला येणार होत्या. अकोल्याच्या उन्हाळ्यात चीक कोणासाठी थांबत नाही, आंबून जातो. आणि या दिवसांत एवढा मोठा गंज कोणी उसना देत नाही. मी म्हटलं, जुन्या शहरात वेल्डिंगवाल्या नत्थुजींकडून जोडून आणते.

"नत्थुजीले टिग येते का?" उद्धवराव म्हणाले. "पातळ स्टीलले टिग वेल्डिंगच पायजे. मी घरीच करतो. याच मशीनले टिगची टॉर्च लावली का झालं."

ही वेल्डिंगची टॉर्च आधीच येऊन पडली होती, तिला लागणाऱ्या आर्गन वायूचं सिलिंडरही. टॉर्च मायनसला जोडायची, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की झोपेतही सांगेन. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी तर रोजचीच, आता बोलाच्या कुरड्या होणार असं दिसत होतं.

तरी ऐन वेळी साहेबांचा धीर सुटला. त्यांनी पुण्याच्या वेल्डिंगवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, "स्टीलचा गंज आहे. टिग करायच्या आधी काय करू?"

लगेच उत्तर आलं, "गंज पूर्ण घासून काढा. जराही ठेवू नका."

झालं. ग्राइंडर निघाला. आधी चिरेभोवती घासलं, मग सगळं बूड, मग पुन्हा बूड. मी बोट दाबून पाहिलं तर पत्रा लवत होता.

"अवो, बस करा आता. पापडावानी पातळ झाला तो."

"शैला, पूर्ण म्हंजे पूर्ण. पुण्याचा मानूस हाय, उगीच सांगन का?"

मग मास्क चढवला, टॉर्च टेकवली. आर्क पेटला, हे कबूल. आणि बुडाला बशीएवढं भोक पडलं.

मला रडू आलं. एवढा चीक आता नालीत ओतायचा, आणि सकाळी बायांना काय तोंड दाखवायचं?

उद्धवरावांनी मास्क वर केला आणि ग्रुपवर लिहिलं, "सर, गंज गेला."

"छान! आता बिनधास्त वेल्ड करा."

मी फोन हिसकावून सगळं पहिल्यापासून वाचलं, तेव्हा उजेड पडला. पुण्याकडे पातेल्याला गंज म्हणतच नाहीत. आपण ज्याला जंग म्हणतो, लोखंडावर चढतो तो, त्याला ते गंज म्हणतात.

हे सांगितल्यावर उद्धवरावांचा चेहरा एकदम खुलला.

"पाह्य! म्हंजे माही चूक नाहीच. त्यानं जंग लिहाले पायजे होतं."

"त्याले गंज दिसत नव्हता," मी म्हटलं. "तुमच्या तर हातात होता ना?"