लाल वर, निळा खाली

त्या शनिवारी क्रिस्टाच्या गाडीतून दोन पोरं उतरली आणि त्यांच्यामागून एक रंगीत खोकं. क्रिस्टा माझी मुलगी. ती रोपवाटिकेत काम करते आणि जूनमध्ये तिथे मान वर करायला फुरसत नसते, म्हणून तिची मुलं टॉबी आणि वेरा शनिवारी आमच्याकडे असतात.

"आई, हे नवीन आलंय," गाडी बंद न करताच ती म्हणाली. "खडूने जमिनीवर चित्र काढायचं आणि चष्मा लावून बघायचं. लाल रंग म्हणे हवेत वर येतो आणि निळा खाली जातो. खरं आहे का तूच बघ. नसलं तर परत देऊन येते."

"आणि माझ्या फरशीवर नको," मी म्हणाले.

"डांबरावर काढा म्हणावं. काळ्यावर जास्त छान दिसतं असं लिहिलंय."

गॅरेजपासून रस्त्यापर्यंत आमच्याकडे डांबराचा उतार आहे. सहा महिने त्यावरचा बर्फ उपसण्यात जातात, तेव्हा उन्हाळ्यात त्याचा कुणाला काही उपयोग झाला तर मला बरंच वाटतं. मी खुर्ची घेऊन सावलीत बसले. सरोवरावरून गार वारा येत होता, त्यामुळे अंगावर स्वेटर होताच. खडू दिसताच शेजाऱ्यांची मुलगी डेल्फिन कुंपणाच्या फटीतून आत आली. तिला बोलवावं लागत नाही.

टॉबी सात वर्षांचा. कुठलीही गोष्ट हातात आली की तिचे नियम तोच ठरवतो. त्याने लाल खडूने एक वेडीवाकडी भिंत काढली, तिच्या दोन्ही बाजूंना निळे खड्डे काढले, आणि पुठ्ठ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून उभा राहिला. मग खाली वाकून त्याने भिंतीच्या वरून हळूच हात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आजी, ही वर आलीय."

डेल्फिनने चष्मा लावला आणि एक पाऊल मागे घेतलं. "खड्डा खोल आहे," ती म्हणाली. मग दोघांचा खेळ सुरू झाला. लाल भिंत आली की पाय उंच उचलून ओलांडायची, निळा खड्डा आला की उडी. डेल्फिन तर लाल रेघेवरून बगळ्यासारखी पाय उचलून चालत होती.

वेरा ऑगस्टमध्ये पाच वर्षांची होणार होती. तिने चष्मा लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, वर आलंय." आणि भिंतीतून सरळ चालत गेली.

"भिंत आहे तिथे," टॉबी म्हणाला.

"माहितीय."

"मग त्यातून कशी गेलीस?"

ती परत आली. या वेळी तिने पाय उचलला, पण भिंतीच्या अलीकडेच, आणि मग खड्ड्याच्या बरोबर मधोमध उभी राहिली.

"हिला दिसतच नाहीये," टॉबी डेल्फिनला म्हणाला. "उगाच सांगते."

"दिसतंय मला."

"मग सांग, कुठला रंग जास्त वर आहे?"

वेराने जरा विचार केला. "हिरवा."

दोघं हसले. वेराच्या ओठांचे कोपरे खाली वळले, आणि आता हे रडण्यावर जाणार हे ओळखून मी उठले. म्हटलं, एक चष्मा मला द्या. आणि खरं सांगायचं तर मला मनातून वाटत होतं की पोरं नुसती कल्पना करताहेत. मी चष्मा लावला आणि खुर्चीची पाठ धरली. लाल भिंत डांबरापासून सुटून वीतभर वर उभी होती, आणि निळा रंग कुठेतरी खाली, विहिरीच्या तळाला असावा तसा. माझ्या वयाच्या बाईने असं करू नये, पण मीही पाय उचलून ती भिंत ओलांडली.

"आर्वो," मी गॅरेजकडे हाक मारली, "हे बघायला ये."

आर्वो माझा नवरा. पोस्टात होता, तीस वर्षं घरोघर पायी टपाल टाकत फिरला. निवृत्त झाल्यापासून गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र उघडून बसलेला असतो. हात पुसत आला, आपल्या नेहमीच्या चष्म्यावर पुठ्ठ्याचा चष्मा चढवला आणि बराच वेळ खाली बघत राहिला.

"काय बघायचं?"

"लाल वर आलाय ना?"

"लाल जिथे आहे तिथेच आहे." त्याने चष्मा काढून टॉबीला दिला. "लोकांना काय वाटेल ते विकतात हल्ली. क्रिस्टाला सांग, परत कर."

"आजोबा, तुम्ही नीट बघा ना," टॉबी म्हणाला.

"नीटच बघितलं, बाबा."

तो गॅरेजकडे वळला. वेरा त्याच्या मागोमाग गेली आणि त्याच्या पँटचा खिसा धरून तिने त्याला थांबवलं. ती कुजबुजत होती, पण तिचं कुजबुजणं चार घरं पलीकडे ऐकू जातं.

"आजोबा, मलापण नाही दिसत. तुम्ही टॉबीला सांगू नका."

"मग दिसतं असं का म्हणालीस?"

"सगळे तसंच म्हणतात ना. मला वाटलं, तसं म्हणायचं असतं."

एका घरातल्या दोघांना दिसत नाही आणि बाकीच्यांना दिसतं, तर दोष खडूचा नाही. मी वेराला पायरीवर बसवलं आणि आपण एक गंमत करू म्हणून तिचा डावा डोळा तळव्याने झाकला. समोरच्या घराच्या दारावर काय आहे ते सांग म्हटलं. तिने घराचा नंबर वाचला, दारावरची पितळी माशाची कडी सांगितली. मग उजवा डोळा झाकला.

तिने लगेच माझा हात धरला. "काढ."

"आधी सांग, दारावर काय आहे?"

"आजी, हात काढ. मला आवडत नाही हे."

"दार तरी दिसतंय का?"

"कुठलं दार?" ती म्हणाली.

मी हात काढला. तिचे डोळे सुंदर आहेत, करडे, टपोरे. ना तिरळे, ना लाल. पावणेपाच वर्षं ती आमच्या अंगाखांद्यावर खेळली. मी मान वर केली तर आर्वो गॅरेजच्या दारात उभा होता आणि एक एक डोळा झाकून रस्त्याकडे बघत होता.

संध्याकाळी क्रिस्टाला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, मग मुलीला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तिचा एक एक डोळा झाकत बसली. शेवटी वेराच कंटाळली आणि म्हणाली, "आई, तू हरलीस. आता मी जाते."

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि सावकाश बोलायच्या. वेराचा डावा डोळा जन्मापासून कमजोर आहे, म्हणाल्या. नंबर खूप मोठा, त्यामुळे मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलंय. आळशी डोळा म्हणतात याला. चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज चिकटणारी पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावायचं. वय लहान आहे, आशा चांगली आहे. खडूचं त्यांना नवल वाटलं नाही. दोन्ही डोळे मिळून बघत नसतील तर ते चित्र वर येणारच नाही, म्हणाल्या. घरात आणखी कुणाला असं आहे का, हे त्यांनी विचारलं, तेव्हा आर्वो म्हणाला, "माझा डावा. लहानपणापासून अधू आहे. चष्मेवाले म्हणायचे, दुसरा चांगला आहे ना, मग झालं."

"तेव्हा तसंच म्हणायचे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं निभलंही."

सगळे उठलो. आर्वो दारापर्यंत गेला आणि परत वळला. मला वाटलं टोपी विसरला.

"एक विचारू का? माझ्यासारख्याला बॉल झेलता येतो?"

"बेसबॉल?"

"हो. जोरात, समोरून येणारा."

"अवघड," त्या म्हणाल्या. "तो किती जवळ आलाय हे शेवटच्या क्षणी दोन डोळे मिळून सांगतात. तुम्हाला तो एकदम तोंडावर आल्यासारखा वाटला असेल."

"हं," आर्वो म्हणाला आणि डॉक्टरांचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून राहिला.

शनिवारी आम्ही सौना तापवतो. मागच्या अंगणात वाफ घ्यायची लाकडाची छोटी खोली आहे, आर्वोच्या वडिलांनी बांधलेली. ते फिनलंडहून आले, जंगलात लाकूडतोड केली आणि रविवारी गल्लीतल्या पोरांना बेसबॉल शिकवला. आर्वोने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफ वर गेल्यावर बोलायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एवढंच माहीत होतं की याला बेसबॉल आवडत नाही.

"रोज जेवण झालं की बाबा मला मागे न्यायचे," तो म्हणाला. "टाईस्तो माझ्याहून मोठा, तो सहज झेलायचा. माझ्याकडे बॉल आला की मी मान फिरवायचो. ते म्हणायचे, डोळे उघडे ठेव. मी उघडेच ठेवायचो गं. एकदा तोंडावर बसला. दोन दात गेले. त्या दिवसापासून त्यांनी मला बोलावलं नाही. टाईस्तोलाच घेऊन जायचे. मी खिडकीतून बघायचो."

"काही बोलले नाहीत?"

"कधीच नाही. ते काय समजले ते मला कळलं होतं. भित्रा आहे, असंच ना."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घामाने निसटत होता, तरी ठेवला.

पुढचे महिने पट्टीचे होते. वेराने पहिली पट्टी आमच्या कुत्र्याला चिकटवली. दुसरी डेल्फिनच्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात सापडली. चांगला डोळा झाकल्यावर ती भिंती चाचपत चालायची आणि सगळ्यांवर चिडायची. वेरा उगाच सांगते असं टॉबी म्हणाला होता, ते त्याचं त्यालाच फार लागलं होतं, म्हणून तो तिचं सगळं ऐकायचा. एकदा तर दुपारभर तिचा घोडा झाला. डॉक्टरांनी चित्रं काढायला सांगितलं होतं, आणि आळशी डोळ्याला जाड खडूच्या रेघा तेवढ्या दिसायच्या, म्हणून आमचा डांबरी उतार ऑगस्टपर्यंत रंगाने भरून गेला. खोकं परत करायचा विषय पुन्हा निघाला नाही. आर्वो तिच्याबरोबर गुडघे टेकून बसायचा. उठताना मला हाक मारावी लागायची. सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा त्या डोळ्याला डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी दिसायला लागल्या होत्या. दोन्ही डोळे मिळून बघतील का, हे डॉक्टर अजून सांगत नव्हत्या.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाच्या, जेवणाला टाईस्तो आला. आर्वोचा थोरला भाऊ, आवाजाने घर भरून टाकणारा. टर्की कापून झाली, बटाटे फिरले, आणि वेलदोड्याच्या पावाची टोपली त्याच्यासमोर आली. आर्वोने पाव मागितला.

"फेकू का?" टाईस्तो म्हणाला. "नको बाबा, खाली पडेल. आमच्या आर्वोच्या हाताला लोणी लावलंय." गेली पन्नास वर्षं तो हा विनोद करतो.

वेरा पट्टी लावून बसली होती. तिने काटा खाली ठेवला. "त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. त्यांचे डोळे एकमेकांशी बोलत नाहीत. माझेपण नाही बोलत. बॉल किती लांब आहे ते आम्हाला कळतच नाही."

टाईस्तो हसत होता, तो थांबला. "हे काय म्हणतेय?"

क्रिस्टाने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग टोपली उचलून त्याने ती आर्वोच्या हातात दिली.

"तुझे दात गेले त्या रात्रीचं आठवतंय मला," तो म्हणाला. "तू झोपला होतास. मी जिन्यावर बसलो होतो. बाबा आईला म्हणाले, मी आता त्याला बॉल टाकणार नाही. पोराला तो येताना दिसतच नसावा असं वाटतं, आणि तरी जागचा हलत नाही. पळून तरी जावं की नाही त्याने? मला बघवत नाही, म्हणाले."

आर्वो टोपली धरून बसला होता. "असं म्हणाले?"

"असंच. मग उठून बाहेर गेले."

"मला कधी बोलला नाहीस."

"मला वाटलं तुला खेळायचंच नव्हतं. सुटलास म्हणून खूश असशील." टाईस्तोने ताटातल्या बटाट्यावर काटा फिरवला. "मी इतकी वर्षं ते लोण्याचं बोलतोय. एकदा तरी सांगायचंस, गप्प बस म्हणून."

"ते मला खरंच वाटायचं," आर्वो म्हणाला.

मग टॉबीने आंबटगोड क्रॅनबेरीचं वाडगं मागितलं आणि जेवण पुढे सुरू झालं. आर्वोने दोन पाव खाल्ले. एरवी तो एकच घेतो.

जेवणानंतर टाईस्तो सोफ्यावर घोरायला लागला. क्रिस्टाने कोमट पाण्यात फडकं भिजवून वेराची पट्टी हळूहळू सोडवली, कातडी ओढली जाऊ नये म्हणून. मी भांडी धूत होते आणि आर्वो पुसत होता. एक थाळी तो बराच वेळ पुसत राहिला.

"त्यांना वाटलं होतं मला दिसत नसावं," तो म्हणाला.

"हो."

"पण डॉक्टरकडे नेलं नाही."

"जंगलात काम करणारा माणूस," मी म्हणाले. "त्या वेळी कुठले डॉक्टर."

"तसं नाही म्हणत मी," आर्वो म्हणाला. "पळून तरी जावं की नाही, म्हणाले ना? म्हणजे मी पळालो नव्हतो हे त्यांनी बघितलं होतं." त्याने थाळी मांडणीत ठेवली आणि पुढची घ्यायला हात पुढे केला.