सी-एचवाला शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी जळकुटा आहे. हे ठाऊक असलेलं बरं, म्हणजे पुढे माझं वागणं ऐकून तुम्ही दचकणार नाही.

मोरोक्कोत, एर्राशिदियाच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तळाला रबर, रबरावर उलटी कोरलेली रोमन अक्षरं : डॉक्टर यामना शुएबी, संसर्गजन्य रोग. आडनावातला 'शु' त्याने सी-एचने लिहिला. आमच्याकडे शाळेत फ्रेंच शिकलेला प्रत्येक जण तो तसाच लिहितो, डॉक्टर यामनांच्या ओळखपत्रावरही तसाच आहे; मानाने आम्ही त्यांना लल्ला, म्हणजे बाईसाहेब म्हणतो. त्यांनी मला पहिल्यांदा कागदावर उमटवलं, ओल्या अक्षरांवर फुंकर घातली आणि स्वतःचं नाव दोनदा वाचलं. ते सुख मी अजून विसरलेलो नाही.

त्या काळी खजुराच्या बनांतल्या गावांत वाळूमाशी चावून मुलांच्या गालांवर व्रण उठत. लल्ला नमुना घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, चिठ्ठीवर निदान लिहायच्या आणि मला दाबायच्या. अकराशे चिठ्ठ्यांवर मी उमटलो. आया त्या चिठ्ठ्या घडी घालून जपून नेत.

मग लल्ला वर्षभर इंग्लंडला गेल्या. मला नेलं नाही. तिथे त्यांनी आमच्या अकराशे नोंदींवरूनच एक शोधनिबंध लिहिला. माश्या रानउंदरांच्या कोणत्या बिळांत वाढतात आणि ती बिळं कधी बुजवली तर मुलं वाचतात, हे त्यात होतं. छापायला देताना तिकडच्या सहकाऱ्याने त्यांचं नाव कानाला लागलं तसं लिहिलं, एस-एचने. लल्लांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे, आहे मीच ना!"

असू दे कसं? जगभरच्या लेखकांनी सहाशे बारा लेखांत त्या निबंधाचा आधार घेतला, आणि दर वेळी नाव छापून आलं ते त्या एस-एचवालीचं. लल्लांनी इथे बसून सी-एचने जे लेख लिहिले, त्यांच्या वाट्याला एकशे चाळीस उल्लेख आले. चिठ्ठ्या माझ्या, शाई माझी आणि मिरवणार ती! माझ्या अंगाचा तिळपापड होई. कुणी संगणकावर तिचं नाव मोठ्याने वाचलं की वाटे, हिचं एखादं अक्षर गळून पडावं. पुढे अहवालही संगणकावरच छापू लागले. मी खणात गेलो, शाई माझ्या अक्षरांतच सुकली आणि वर्षानुवर्षं मला कुणी हात लावला नाही.

आणि एका रमजानात खण उघडला. नवं संशोधन केंद्र निघणार होतं. त्याच्या प्रमुखपदासाठी दोन नावं होती, आमच्या लल्ला आणि राजधानीतले डॉक्टर बेलमुकद्दम. ते निवडले गेले असते तर केंद्र तिकडे गेलं असतं, आमची प्रयोगशाळा बंद झाली असती आणि व्रण झालेलं लेकरू घेऊन आयांना दिवसभर बसमध्ये काढावा लागला असता. डॉक्टरसाहेबांचे उल्लेख चारशे तीस. समितीने लल्लांचं ओळखपत्रावरचं नाव शोधलं आणि एकशे चाळीस मोजले. सहाशे बारा कुणा परक्या बाईचे ठरले.

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असा सरकारी दाखला हवा होता, आणि त्याच्या अर्जावर डॉक्टरांचा शिक्का लागायचा. मुदतीचा तो शेवटचा दिवस, कचेरी तीनला बंद होणार. लल्लांनी अर्जावर सही करून मला दाबलं आणि कागद कारकून अब्दन्नबीपुढे सरकवला.

"लल्ला, ही एस-एचवाली तुमची बहीण का हो?"

"मीच आहे ती, भाऊ. बहीण असती तर तिच्याशी भांडले तरी असते."

"ते ठीक. पण शिक्क्यात आडनावाची पहिली दोन अक्षरं कुठायत? इथे नुसतंच 'उएबी' दिसतंय. आता ही तिसरी कोण काढलीत?"

मित्रांनो, ते माझंच काम होतं. त्या एस-एचवालीसाठी मी साक्ष द्यायची? मी सी आणि एचमधला सुकलेला गाळ घट्ट धरून ठेवला होता.

"उपासाच्या दिवशी थट्टा नको, अब्दन्नबी. थांबा जरा."

लल्लांनी डोक्यावरच्या रुमालाची टाचणी काढली आणि माझी अक्षरं एकेक करून टोकरायला लागल्या. पुटपुटल्या, "तूही माझ्यावर उलटलास? त्या पोरांना मी कुठे पाठवू रे?"

माझी मला लाज वाटली. मी गाळ सोडला. पुढच्या खेपेला असा उमटलो की अब्दन्नबी चष्मा न लावता वाचू शकला. तीनला दहा मिनिटं कमी होती.

लल्ला प्रमुख झाल्या आणि केंद्र इथेच राहिलं. पाटीवर नाव कसं लिहायचं, असं रंगाऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "एस-एचने लिही. जग मला त्याच नावाने शोधतं." म्हणजे साक्ष मी दिली आणि घरीही मीच बसलो.

मित्रांनो, शिक्का वापरला की पुसून ठेवत जा, सुकलेली शाई अक्षरं खाते. आणि कुणाच्या कामाचा आधार घ्याल तर त्याचं नाव त्यालाच विचारून लिहा.

परवा खणाबाहेर कुणी सांगत होतं, लल्लांचा आकडा नऊशेवर गेला. माझा पुन्हा जळफळाट झाला. त्यातले एकशे चाळीस माझे आहेत.