जळकं वायरिंग

राजूरच्या अलीकडे मोटारीच्या डॅशबोर्डखालून धूर निघाला, तसं ड्रायव्हर प्रेमसिंगनं गाडी थांबवली. मागं बसलेल्या सदाशिवरावांना त्यानं हात धरून उतरवलं, बॅटरीची तार उपटली अन् माती टाकून आग विझवली. कुणाला इजा झाली नाही, पण पुढची सीट जळाली. सदाशिवराव मुकुटबनचे बडे कास्तकार; त्यांनी तिथंच ठरवून टाकलं, "तुह्या बिडीची ठिणगी पडली."

"मालक, बिडी सोडून दोन वर्सं झाली मले."

"मंग आग काय आभाळातून आली?"

हे एकोणीसशे अठ्ठावन्नचं. बैलं जुंपून मोटार वणीला देवीलाल मिस्त्रीकडे नेली. बारा वर्षं ती चालवणारा प्रेमसिंग काम सुटून बंजाऱ्यांच्या तांड्यावर घरी बसला. त्याची बायको जमनी रोज ताट वाढायची. त्याला जेवण जात नव्हतं.

चौथ्या दिवशी देवीलालचा निरोप आला, कोणती तार कुठं जाते हे तुलेच ठाऊक, ये. तो गेला, तर सदाशिवराव आधीच तिथं खुर्चीवर. प्रेमसिंगनं दुरूनच रामराम केला.

दोघांनी तारांचा जुना जुडगा ओढून काढला. इंजिनामागच्या पत्र्यात भोक होतं, त्यातून तारा जात. तिथलं रबरी कडं कधीच गळून गेलं होतं. पत्र्याच्या धारेनं तारांवरचं कापडी वेष्टण कापलं गेलं होतं, आतलं तांबं काळं ठिक्कर.

"पाहा रावसाहेब," देवीलाल म्हणाला. "आग अथूनच लागली. बिडीचा काही संबंध नाही."

सदाशिवरावांनी तार हातात घेऊन निरखली. "प्रेमसिंग, चुकलो मी. आता नवं वायरिंग तूच पसंत कर."

प्रेमसिंग खाली बसला. देवीलालनं दोन जुडगे पुढं ठेवले, एक लाल-पिवळा चकचकीत, दुसरा मळकट कापडी. प्रेमसिंगनं दोन्हींची टोकं सोलली. चकचकीत तारेत तांब्याचे जेमतेम सात केस, वाकवले तसे दोन तुटले. कापडीतले तांब्याचे केस दाट होते, कितीही वाकवले तरी शाबूत.

"हे घ्या. हेडलाइटले जाडच तार लागते, बारीक तापते. अन् मिस्त्री, भोकात रबर पहिले बसव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे लागले, हॉर्न वाजला. अर्धा तास इंजिन चालू ठेवून प्रेमसिंगनं तारांवरून हात फिरवला. गार होत्या. सदाशिवराव जळक्या सीटवर पोतं टाकून त्याच्या शेजारीच बसले.

त्या संध्याकाळी जमनीला सगळं सांगता सांगता तो चार भाकरी जेवला.