नऊ रंगांतल्या बाया

मुरारीने ओल्या फडक्याने विटकरी लादीचा तुकडा पुसला आणि अंगणात मांडलेल्या ओळीच्या शेवटी ठेवला.

"हा नववा. याच्याम्होरं रंग नाय आपल्याकडं."

सेजलने एका हाताने सुपाची सावली धरली आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर तुकड्याचा फोटो काढला.

"नऊ पुरतील, बाबा."

"त्या जुन्या फोटोत तर शंभर रंग हायत."

"म्हणून तर कमी करायचे."

तीस वर्षं मुरारीने मुंबईत लाद्या बसवल्या. काम संपलं की त्या घरांची दारं त्याला बंद होत. एकदा, आपण बसवलेली फरशी वर्षभरात कशी राहिली ते बघावं म्हणून तो एका इमारतीत गेला, तर वॉचमनने त्याला फाटकातूनच परत धाडलं. गुडघे गेले तेव्हा तो आपल्या गावी, कुडपणला परतला, सोबत फुटक्या लाद्यांची अकरा पोती घेऊन. बायको हसली होती. पण गावाने एस.टी.च्या थांब्याला नवी भिंत बांधली आणि तिच्यावर काय करायचं याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मुरारी उठून म्हणाला, "ती माझ्याकडं द्या."

चित्र कशाचं करायचं तेही त्याच्या मनात ठरलेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी गावाने श्रमदानाने खिंड फोडून रस्ता आणला होता. त्या वेळचा एकच फोटो गावात उरला होता. फोटोत नऊ बाया, डोक्यावर मातीच्या पाट्या, आणि मागे उभा चिरलेला डोंगर.

सेजल महाडला फोटो स्टुडिओत काम करत होती. सुट्टीत येताना तिने लॅपटॉप आणला होता. लाद्यांचे नऊ रंग तिने त्यात घातले आणि फोटोला जणू तंबी दिली, की वापरायचे तर हेच नऊ. भिंतीवर इंचाइंचाचे दहा हजारांवर चौकोन बसणार होते. प्रत्येक चौकोनाला त्याच्या मूळ रंगाच्या सर्वांत जवळचा लादीचा रंग मिळणार होता.

पडद्यावर चित्र पालटलं. आभाळाच्या जागी कुणाच्या तरी न्हाणीघराचा फिकट निळा आला. झाडांना मोरपंखी मिळाला. मुरारीने मांडीवर थाप मारली. मग तो पुढे सरकला आणि डोळे बारीक करून बघू लागला.

"बाया कुठं गेल्या?"

लुगडी दिसत होती, पाट्या दिसत होत्या. पण चेहरे, दंड, पावलं सगळं डोंगरात विरून गेलं होतं. उन्हात रापलेल्या कातडीला आणि खणलेल्या मातीला एकच रंग मिळाला होता, विटकरी.

"चेहरे उजळ करते थोडे," सेजल म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. स्टुडिओत दिवसभर तेच करते मी."

तिने केलं. चेहरे हस्तिदंती झाले आणि नऊच्या नऊ बाया लख्ख उमटल्या. काम फत्ते झालं होतं. मुरारी मात्र हातातला तुकडा अंगठ्याने घासत राहिला.

"ह्या कोण गो?"

"त्याच की, बाबा."

"ह्या सावलीत बसून खाणाऱ्या दिसतात. यांनी कवा माती वाहिली?" त्याने पडद्याकडे बोट केलं. "बायांना नको गोरं करू. डोंगराला कर. त्याला काय वाईट वाटायचं नाय."

सेजल हसली. मग तिचं हसू थांबलं. तिने लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. प्रत्येक बाईच्या कडेने, बोटांच्या मधूनसुद्धा, ती बारीक रेघ फिरवत गेली, डोंगर बायांपासून सुटा करत. जेवणाची हाक दोनदा आली, तरी ती उठली नाही. शेवटी डोंगर हस्तिदंती झाला आणि त्याच्यापुढे नऊ सावळ्या बाया उभ्या राहिल्या, फुगीर पिंढऱ्यांसकट.

"आता बघा."

मुरारीने बघितलं. मग बायकोला हाक मारली, "अगो, इकडं ये. पोरीनं काय केलंय बघ!"

पुढचे दोन महिने तो फळीवर बसून तुकडे कापत आणि बसवत राहिला. गाडीतून उतरणारे लोक पिशव्या खाली ठेवून बघत. चित्र पुरं झालं त्या रविवारी किशोरने आपल्या आईला, राहीबाईंना, हात धरून आणलं. त्या नऊंपैकी गावात त्या एकट्याच उरल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोबाइलवरचा फोटो त्यांनी "नुसता धूर दिसतोय" म्हणून परतवला होता.

रस्त्याच्या पलीकडे त्या थांबल्या. मोठे चौकोन, मोजके रंग, उजळ डोंगर आणि त्यावर गडद बाया. राहीबाईंनी लेकाचा हात सोडवला.

"ही ठकू," त्या म्हणाल्या. "पाटी अशीच तिरकी धरायची. ही धोंडी. ही बायजा, हिचा पाय बघ, सुजल्याला. आन् ही मी."

"काकी, खरंच वळखू येतंय?" मुरारीने विचारलं.

"न यायला काय झालं? आम्हीच हाव की!"

रविवारची सुट्टी म्हणून आलेली सेजल नावं लिहून घेऊ लागली. आठ झाली. नवव्या बाईपाशी राहीबाई अडखळल्या.

"ही वरंधवाली. नवी नवरी हुती. सालभरात नवऱ्यानं मुंबईला नेली, ती मागं आलीच नाय. तिकडंच वारली म्हनं. आमी वरंधवालीच म्हनायचो. नाव कुनी इचारलंच नाय गो. घाटाखाली तिच्या भावाचं च्याचं दुकान हुतं, पांडू नावाचा."

"वरंधवाली असंच लिहू या?" किशोर म्हणाला.

मुरारीने नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीने पोलादपूर, महाड करत वरंधला उतरला. दुकान सापडलं. आता ते नातू चालवत होता. पांडू म्हातारा बाकावर बसून बशीत चहा ओतत होता. मुरारीने कुडपणचं नाव घेतलं, तसा त्याचा हात थबकला.

मुरारीने मोबाइल पुढे केला. त्यात भिंतीचा फोटो होता.

म्हातारा फोटोवरून बोट हळूहळू सरकवत गेला आणि टोकाच्या नवव्या बाईवर थांबला.

"हौसा," तो म्हणाला. "आमची हौसा."

मुरारीने ते नाव मनात दोनदा म्हटलं.

"किती मोठी केली हाय भिंतीवर?"

मुरारीने हात आपल्या छातीच्या उंचीला धरला.

पांडूने बशी बाकावर ठेवली आणि पायाने चपला चाचपल्या.

"कुडपणची गाडी किती वाजता हाय?"